पाण्याचा भोंगा

मनकर्णेचा पहिला अर्ज तीन ओळींचा होता, दुसरा दीड पानाचा. तिसरा लिहिताना तिने पेन असं काही दाबलं होतं की खालच्या कोऱ्या कागदावरही अक्षरं उमटली. तिन्ही अर्जांत मागणी एकच होती: संघाचा भोंगा पाण्याच्या टँकरसाठी वाजवू नये.

संघ म्हणजे तालुक्याचा सहकारी दूध संघ. सभासद दोन हजार, पण तोंडात नाव एकच, अध्यक्ष आबासाहेबांचं. नारायणगडाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दूध थंड करायचं केंद्र होतं आणि केंद्राच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर मनकर्णेची वस्ती. ती संघात दूध तपासायला होती. एकदा तपासणीवर आलेल्या साहेबांनी विचारलं, "इथं सुरक्षेचं काम कोण पाहतं?" मॅनेजरनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि तिच्याकडं बोट केलं. "ह्या मॅडम पाहतात." साहेब गेल्यावर मनकर्णेनं विचारलं, "सर, मी कधीपासून पाहते?" मॅनेजर म्हणाला, "आत्तापासून. तुमचं अक्षर चांगलं आहे."

झालं. एक रजिस्टर तिच्या टेबलावर आलं. दुसरं कुणी असतं तर दर महिन्याला 'सर्व ठीक' लिहून मोकळं झालं असतं. मनकर्णेनं रजिस्टर वाचलं. भिंतीवरचा फलक वाचला. दूध थंड करणाऱ्या यंत्रांमध्ये अमोनिया फिरतो, तो सुटला तर डोळे जाळतो, छाती बंद करतो, हे तिने वाचलं आणि ते तिला रात्रंदिवस खाऊ लागलं. फलकावर शेवटी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'भोंगा वाजताच केंद्रापासून दूर जावे, वाऱ्याला आडवे चालावे, उंच जागी थांबावे.'

आणि वस्तीतली माणसं भोंगा वाजला की केंद्राकडं धावत होती.

त्याला कारण होता दुष्काळ. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. बिंदुसरेच्या धरणात तळाला भेगा पडल्या. पालीजवळच्या एका विहिरीवरून टँकर भरून यायचा, पण कधी यायचा त्याचा नेम नव्हता. बायका रोजगार बुडवून रस्त्याकडं डोळे लावून बसायच्या. तेव्हा संघाची निवडणूक तोंडावर आलेली. आबासाहेबांनी वस्तीत सभा घेतली, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "संघाचा भोंगा कशाला हाय? शोभेला? उद्यापासून टँकर गेटवर आला की भोंगा वाजंल. माझ्या मायमाऊल्यांनी उन्हात बसायचं न्हाई!"

टाळ्या पडल्या. मनकर्णेची सासू पारूबाई तर उभं राहून टाळ्या वाजवत होती.

घरी आल्यावर मनकर्णा म्हणाली, "आत्या, तो भोंगा गॅस सुटल्यावर वाजवायचा असतो."

"मग? गॅस कवा सुटलाय?"

"सुटला नाही म्हणून सुटणारच नाही का?"

"हे बघ मनकर्णे," पारूबाई म्हणाली, "काल मी सकाळधरून रस्त्यावर बसलते. उठून परसाकडं गेले, तेवढ्यात टँकर येऊन रिकामा. तुझ्या गॅसाच्या आधी मी तहानेनं मरंन. अर्ज लिवून घागर भरती का?"

सासू खोटं बोलत नव्हती, हीच तर चीड होती. भोंग्यानं खरंच बायकांचा दिवस वाचत होता. पोरींच्या शाळा वाचत होत्या. आबासाहेबांनी लोकांना हवी ती गोष्टच दिली होती, फक्त ती भलत्याच खुंटीवरून काढून दिली होती.

मॅनेजर पहिल्या अर्जावर हसला. दुसऱ्यावर म्हणाला, "मॅडम, आबासाहेबांचा शब्द आहे." तिसऱ्यावर त्याने तोडगा काढला. पाण्यासाठी एक लांब भोंगा, धोक्यासाठी तीन तुटक. वर म्हणाला, एकदा तालीम घ्या, म्हणजे लोकांना सवय होईल. मनकर्णा घरोघर फिरली. "तीन वेळा वाजला की पळा. माळावर पळा." सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तीन तुटक भोंगे वाजले आणि अख्खी वस्ती गेटवर. नेहमीपेक्षा जास्त गर्दी. घागरी होत्याच, वर ड्रम, बादल्या, एकानं तर सायकलला बांधून कॅन आणले होते.

"तीन वाजले ना," शेजारची रतनबाई धापा टाकत म्हणाली, "मला वाटलं आज तीन टँकर आले."

लोक हसले. मनकर्णाही हसली. मग प्रयोगशाळेत जाऊन दार लावून तिने टेबलावर मूठ आपटली, इतकी जोरात की नळ्या खडखडल्या.

सगळ्यांत मोठा राग तिला स्वतःचा आला होता, तो बुद्धपौर्णिमेला. सुट्टी होती. दारात बसून ती यशूचे केस विंचरत होती. यशू पाच वर्षांची. मानेवर बारीक लव, डोक्याला खोबरेल तेलाचा वास, आणि गुंता ओढला की 'आई गं' न म्हणता दात आवळणारी. हिच्या जन्मापासून निवांत असा एकच वेळ मनकर्णेला मिळायचा, हा केस विंचरायचा. तेवढ्यात भोंगा झाला. पुढचं तिला आठवलं तेव्हा ती गेटवर होती. कडेवर घागर, हातात यशूचा हात, आणि कंगवा यशूच्या केसांत तसाच अडकलेला.

"आई, आपला दुसरा नंबर!" यशू उड्या मारत होती. तिच्या हातात तिची स्वतःची पितळी कळशी होती, जेमतेम दोन तांब्यांची.

मनकर्णेनं कंगवा तिच्या केसांतून सोडवला. फलक जिला पाठ, जिनं तीन अर्ज लिहिले, तिचे पायसुद्धा भोंग्याला विकले गेले होते. मग यशूच्या पायांना दोष काय द्यायचा? भोंगा वाजला की वस्तीत सगळ्यांत आधी पोरं सुटायची, आणि पोरांत सगळ्यांत आधी यशू.

त्यानंतर आठ दिवसांनी आबासाहेबांच्या पुतण्याचं लग्न होतं.

सकाळीच सुग्रीव ड्रायव्हरचा टँकर केंद्रावर न येता लग्नाच्या मांडवाकडं गेला. मांडवात धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडलं गेलं, पाव्हण्यांसाठी कूलर भरले गेले. सकाळच्या खेपेतलं अर्धं पाणी केंद्राला लागायचं. यंत्रातून तापून आलेला गॅस पाण्याच्या धारेखाली गार करतात, आणि तो गार झाला नाही तर नळ्यांमधला दाब चढत जातो. केंद्राची बोअर तर माघातच आटली होती. दुपारी बाराला यंत्रावरचा आश्रुबा मनकर्णेकडं आला. वीस वर्षं यंत्रांजवळ काढलेला, मोजकं बोलणारा माणूस.

"ताई, काटा लाल पट्टीला टेकलाय. मी मॅनेजरला फोन केलता. ते मांडवात हायेत. म्हणले, बंद करू नको, दूध नासलं तर तू जबाबदार."

"आणि तुम्ही मेलात तर?"

"त्याचं काय म्हणले न्हाईत," आश्रुबा म्हणाला.

मनकर्णेनं स्वतः फोन लावला. मागं सनई वाजत होती. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, अक्षता पडायच्यात, मग बोलू." तिने रजिस्टर काढून वेळ लिहिली, काटा लिहिला, मॅनेजरचं उत्तर लिहिलं. मग आश्रुबाला म्हणाली, "माझ्या नावावर बंद करा." आश्रुबा वळला, पण दोन पावलं गेला नसेल तोच आतून सोडावॉटरची बाटली फुटावी तसा आवाज आला आणि पाठोपाठ सुसाट शिट्टी. यंत्राच्या खोलीच्या दारातून पांढरा धूर लोळत बाहेर आला.

"नळीच्या सांध्यातलं गास्केट गेलं!" आश्रुबा ओरडला. "भोंगा दाबा, ताई!"

भोंग्याचं बटण गेटजवळच्या खोलीत. मनकर्णा धावली. हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून छतावर केशरी कापडाची पिशवी लावलेली असायची. ती महिन्यापूर्वीच कुणीतरी काढून टँकरच्या पाइपाला गाळणी म्हणून बांधली होती. तिने वस्तीतल्या विहाराकडं पाहिलं. जयंतीला लावलेला पंचशील ध्वज ताठ फडफडत होता, केंद्राकडून वस्तीकडं. वारा सगळा गॅस घेऊन तिकडंच निघणार होता. आणि ती बटण दाबणार म्हणजे वस्तीला म्हणणार, या, समोरून या, घागरी घेऊन या.

तिने हात मागं घेतला.

मग ती आत पळाली. दूध घुसळायची लोखंडी दांडी घेतली आणि एका रिकाम्या कॅनवर घाव घालत सुटली. ठण ठण ठण. "मागच्या दारानं! टॉवेल ओला करा, नाकाला लावा! मागच्या दारानं!" आत अकरा माणसं होती. अकरा बाहेर पडली. गॅसपासून वाचवणारा मुखवटा एकच होता आणि तो मॅनेजरच्या खोलीत काचेच्या कपाटात, ढालींच्या आणि चषकांच्या रांगेत, कुलपाआड. आश्रुबानं ओलं पोतं डोक्यावर घेतलं. "गॅसचा मोठा कॉक बंद करतो," म्हणाला आणि कुणी नको म्हणायच्या आत पुन्हा धुरात शिरला.

आणि तेव्हा भोंगा वाजला. एक. लांब.

मांडवातून परत आलेला टँकर गेटसमोर दिसला होता आणि बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या पहारेकरी हरिबानं खोलीत येऊन रोजच्यासारखं बटण दाबलं होतं. त्याच्या नाकापर्यंत वास अजून पोचायचा होता. त्याचं काय चुकलं? त्याला शिकवलं तेच त्याने केलं.

मनकर्णा गेटवर आली तेव्हा वस्तीच्या तोंडाला रंगीबेरंगी ठिपके दिसू लागले होते. लुगडी, फ्रॉक, प्लास्टिकच्या निळ्या घागरी. सगळ्यांच्या पुढं पोरं. कोण ते ओळखायची गरजच नव्हती. दुपारच्या उन्हात ती पितळी कळशी लांबूनसुद्धा चमकत होती.

तिने ओरडून पाहिलं. भोंग्याखाली आवाज मुंगीएवढा झाला. धावत जाऊन अडवावं? एकीला अडवेल, दोघींना अडवेल, बाकीच्या तिला वळसा घालून पुढं येतील. नंबर लावायचा असतो ना! पाण्याला निघालेली बाई कुणाच्या हाताला थांबत नाही, हे तिला स्वतःच्या पायांवरून ठाऊक होतं. ती थांबत नाही. ती फक्त टँकरामागं जाते.

मनकर्णा टँकरच्या पायरीवर चढली.

"सुग्रीवभाऊ, गाडी फिरवा! फाट्यावरून माळावर घ्या, छावणीकडं! हॉर्नवरचा हात काढू नका!"

"ताई, टँकर रिकामा हाय! समदं मांडवात वतून आलो. नुसता सांगायला आलतो की आज पाणी न्हाई."

"रिकामा असू दे! त्यांना कुठं माहीत आहे? घ्या!"

सुग्रीवच्या नाकात आता वास गेला होता. त्याने डोळे चोळले, एक कचकचीत शिवी हासडली आणि हरिबा मागं लटकताच गाडी फिरवली.

केंद्र आणि वस्ती यांच्या मध्ये एक फाटा होता. तिथून उजवीकडं चढाचा रस्ता माळावर जात होता, जिथं गुरांची चारा छावणी होती. वाऱ्याच्या वाटेतून बाजूला आणि वर. टँकर फाट्याला पोचला तेव्हा पोरं तिथून पन्नास पावलांवर होती. हॉर्न कोकलत होता. टँकर वळला आणि माळाला लागला.

क्षणभर सगळ्या थबकल्या. मग एकच कालवा.

"अगं, टँकर पळवला!"

"कुटं नेतीस बे, सुग्रीव्या? तुझ्या बापाचं पाणी हाय का?"

"पायरीवर कोण हाय बघा! मनकर्णा! पारूबाईची सून! नोकरी लागली तशी माजली!"

"धरा गं तिला!"

आणि सगळी वस्ती रस्ता सोडून, ढेकळं तुडवत, माळाच्या अंगानं टँकरामागं निघाली. मनकर्णेला त्या शिव्या ऐकू येत होत्या, आणि आयुष्यात कुठली गोष्ट तिला इतकी गोड लागली नव्हती. द्या. अजून द्या. पण पळा.

तेवढ्यात, "आई!"

यशू सगळ्यांच्या पुढं होती. आई टँकरवर चढलेली पाहून तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. ती एक हात हलवत धावत होती, दुसऱ्या हातातली कळशी मांडीवर आपटत होती. फाट्याच्या पुढच्या खडीत तिचा पाय मुरगळला आणि ती पालथी पडली. कळशी घरंगळत रस्त्याच्या कडेला गेली. पोर उठली नाही. मान वर करून तिने टँकरकडं पाहिलं आणि दोन्ही हात पुढं केले, घ्यायला ये म्हणून.

"ताई, पोरगी पडली," सुग्रीव म्हणाला. त्याचा पाय ब्रेकवर गेला.

मागं केंद्राच्या भिंतीवरून पांढरा पट्टा खाली उतरत होता, दूध उतू जावं तसा, फाट्याच्या दिशेनं. टँकर थांबला असता तर सगळ्या बाया तिथंच, फाट्यावर, त्याला गराडा घालून उभ्या राहिल्या असत्या. तोटीला घागरी लागल्या असत्या.

"थांबू नका," मनकर्णा म्हणाली.

"ताई—"

"थांबू नका म्हणते ना!"

तिने पोरीकडं पाठ केली नाही. पाहत राहिली. पसरलेले हात, खडीत घासलेली हनुवटी, आणि चेहऱ्यावर येत चाललेलं ते, जे आईला कधी पाहायला लागू नये. टँकर चढत राहिला. पोर लहान होत गेली. मग गर्दीतून एक हिरवं लुगडं वाकलं, पोरीला उचललं, पाठीवर टाकलं आणि गुडघे दुखतात म्हणून रोज कण्हणारी पारूबाई तिला घेऊन चढ चढू लागली.

माळावर टँकर थांबला तेव्हा मनकर्णेचे हात पायरीच्या दांडीवरून सुटेनात. बाया आल्या त्या तिच्या अंगावरच. रतनबाईनं तिला बाजूला ढकललं, तोटी फिरवली, खाली घागर लावली. आतून गुळगुळ आवाज आला आणि तांबडं, गंजाचं पाणी घागरीत पडलं. मग ते पण थांबलं.

"रिकामा?" रतनबाईनं विचारलं. "मग पळवला कावून?"

मनकर्णेनं बोट केलं.

सगळ्यांनी मागं पाहिलं. फाटा दिसत नव्हता. गेट दिसत नव्हतं. रोज जिथं त्या रांग लावायच्या तिथं पांढरं काहीतरी जमिनीला चिकटून सरकत होतं, वस्तीच्या पहिल्या घरांपर्यंत. इथवर वास आला तो थोडाच, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी काढायला पुरेसा. केंद्राच्या भिंतीलगत बांधलेल्या रतनबाईच्या दोन शेळ्या ओरडत होत्या. मग एकच ओरडत होती. मग कुणीच नाही.

रतनबाई मटकन खाली बसली.

पाऊण तासानं पांढरा पट्टा विरला. आश्रुबानं कॉक बंद केला होता. त्याला मागच्या दाराशी माणसांनी ओढून काढलं आणि बीडला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, डोळ्यांचं डॉक्टर नंतर सांगणार होते.

आबासाहेब आले ते माळावरच, जीपनं. डोक्याला लग्नाचा गुलाबी फेटा, खांद्यावर अक्षतांचे दाणे. मागं मॅनेजर. आबासाहेबांनी गर्दीवरून नजर फिरवली, तोंडानं मोजल्यासारखं केलं.

"समदे सुखरूप हायेत ना? मग झालं. देवाची कृपा. आन् आपल्या भोंग्याची. भोंगा वाजला म्हणून माणसं वाचली, का न्हाई?" मग मनकर्णेकडं वळून आवाज उतरवून म्हणाले, "बाई, तुमी लई हुशारी केली. आता एक करा. रजिस्टरला लिवा, की आज आपत्कालीन रंगीत तालीम घेतली, वस्तीच्या लोकांनी भोंग्याला चांगला प्रतिसाद दिला. तपासणीला बरं पडतं."

तेवढ्यात मनकर्णेच्या पदराला ओढ लागली. यशू उभी होती. हनुवटीवर रक्त सुकलेलं, तळहात सोललेले, एका हातात पोचा पडलेली कळशी. आजीनं कुठल्या वेळात ती उचलली कोण जाणे. पोर रडत नव्हती. रडून झालं होतं.

"आई, मी पडलते."

"पाहिलं मी, बाळा."

"पाहिलं? मग थांबली कावून न्हाईस?"

पाच वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? वारा, दाब, गास्केट? की वस्तीतल्या साऱ्या लेकरांपुढं तू मला एक वाटलीस म्हणून? पण मनकर्णेच्या रागाला वाट सापडली. तिने यशूचा सोललेला हात मनगटापाशी धरला, गर्दीतून तिला पुढं नेलं आणि आबासाहेबांच्या समोर उभं केलं.

"हिला तुम्ही सांगा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण माळावरच्या सगळ्यांना ऐकू गेला. "पडलेल्या लेकराला सोडून आई पुढं का गेली, ते सांगा. मी तीन अर्ज दिले होते. सकाळचं पाणी मांडवात शिंपडलंत. मुखवटा कपाटात ठेवलात. हे माझ्या पोरीला कळेल अशा भाषेत सांगा. भाषण चांगलं करता तुम्ही."

आबासाहेबांनी फेटा नीट केला. मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजर बुटाकडं पाहत होता.

"पोरगी लई गुणाची हाय," आबासाहेब म्हणाले आणि यशूच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले. यशूनं मान मागं घेतली.

"हात लावू नगा तिला," पारूबाई म्हणाली. धापेनं तिला धड बोलता येत नव्हतं, तरी ती पुढं आली. "त्या दिवशी उभं राहून टाळ्या वाजवल्या मी तुमच्यासाठी. ह्या हातांनी. उद्यापसून टँकर आमच्या दारात येईल. आमी तुमच्या भोंग्यामागं पळणार न्हाई. आन् मनकर्णे, तुझा त्यो अर्ज पुन्यांदा लिव. पयला अंगठा माझा."

"माझा दुसरा," रतनबाई खालूनच म्हणाली. तिची नजर अजून भिंतीकडं होती, जिथं शेळ्या होत्या.

आबासाहेब काहीतरी म्हणणार होते. पण बाया हळूहळू उठून टँकरभोवती उभ्या राहत होत्या, रिकाम्या घागरी कडेवर तशाच, आणि त्यांच्याकडं पाहत होत्या. ते जीपकडं निघाले. मॅनेजर मागं रेंगाळला, म्हणाला, "मॅडम, रजिस्टर आज माझ्याकडं द्या."

रजिस्टर मनकर्णेच्या काखेत होतं. एवढ्या धावपळीत ते तिने कधी उचललं, तिलाही आठवत नव्हतं.

"लिहून झालं की देते," ती म्हणाली.

ती टँकरच्या पायरीवर बसली. यशूला मांडीवर घेतलं. पोर आधी ताठ राहिली, रागावलेली. मग हळूच तिचं डोकं आईच्या छातीला टेकलं, आणि केसांना अजून सकाळच्या खोबरेलाचा वास होता. मनकर्णेनं तिच्या खांद्यावरून हात पुढं काढून रजिस्टर उघडलं. तारीख लिहिली. बाराची वेळ होतीच, त्याखाली पुढचं लिहायला लागली: शिट्टीचा आवाज, आश्रुबा, एक लांब भोंगा, कोण कुठून कुठं धावलं. 'रंगीत तालीम' हे शब्द तिने कुठंच लिहिले नाहीत.

एका ओळीपाशी ती थांबली.

"रतनबाई, टँकरातून पाणी किती निघालं?"

रतनबाईनं घागर वाकडी करून आत पाहिलं.

"वाटीभर. ते पण गंजाचं."

"वाटीभर," मनकर्णा म्हणाली आणि तसंच लिहिलं.